पापणीच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलंय, त्याआधीचा इथल्या दवाखान्याचा रिव्ह्यू (५ पैकी ४ स्टार)

आधीच सांगते, ऑपरेशन अजून व्हायचंय, येत्या गुरुवारी आहे, त्यामुळं टाके कसे घातले, डोळा कसा दिसतोय हे आत्ता विचारू नका. ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पेशंटला कसं नेतात, तेवढ्याचाच हा रिव्ह्यू आहे. चार स्टार मनापासून देतेय, पाचवा का कापला ते खाली लिहिलंय.

मी बेळगावातल्या वडगावची, ब्लाऊज शिवायचं काम करते, वय पंचावन्नच्या पुढं. आमच्या गावदेवीच्या, मंगाईच्या यात्रेच्या सुमाराला डाव्या डोळ्याच्या खालच्या पापणीवर बारीक पुळी आली, दुखत नाही खाजत नाही, कडेनं जरा चकचकीत आणि मधे खपली, ती निघाली की रक्ताचा टिपूस यायचा आणि परत खपली धरायची. तेवढ्याच जागेतले पापणीचे केस पण गळून गेले. एका क्लिनिकमध्ये दाखवलं तर रांजणवाडी आहे म्हणून शेक आणि मलम दिलं, परत गेलं तर परत मलमच. जाऊबाई म्हणाल्या मंगाईला नवस बोल, तो पण बोलले.

इथल्या मॅडम खास पापण्यांच्याच डॉक्टर, ऑक्युलोप्लास्टी म्हणतात त्याला. त्यांनी मशीनवर बसवून बघितलं, पापणी उलटी करून बघितली, कानापुढं आणि गळ्याला गाठी आहेत का चाचपलं, आणि केस गळालेत हे मी सांगायच्या आधी त्याच म्हणाल्या. जागा बधिर करून बारीक तुकडा काढला आणि तपासायला पाठवला. सुई टोचताना दुखलं, नंतर काही नाही.

रिपोर्टच्या दिवशी मला बाहेर बसवून ह्यांना आत बोलावतील असं वाटलं होतं, आपल्याकडं तसंच करतात की ओ. मॅडमनी दोघांना समोर बसवलं आणि माझ्याकडं बघून सांगितलं, काकू हा कॅन्सर आहे, बेसल सेल कार्सिनोमा. पुढचं दोन मिनिटं मला काही ऐकू आलं नाही, ते त्यांना कळलं असणार, कारण त्या गप्प बसल्या, पाणी मागवलं आणि मग पहिल्यापासून परत सांगायला लागल्या. हा प्रकार सहसा शरीरात दुसरीकडं पसरत नाही, पण आहे तिथंच हळूहळू आत खात जातो आणि सोडून दिला तर डोळ्याच्या खोबणीपर्यंत जाऊ शकतो, म्हणून काढायचाच. काढताना आजूबाजूची काही मिलिमीटर चांगली दिसणारी कातडी पण घेतात, मी टेबलावर असतानाच पॅथॉलॉजीचे डॉक्टर कडा तपासणार, कडेला काही उरलं नाही असं ते म्हणाले की मगच पापणी परत बांधायची.

मी म्हटलं लग्नसराईचे ब्लाऊज घेतलेत, तुळशीच्या लग्नानंतर करू का. त्या रागावल्या नाहीत, म्हणाल्या हा हळू वाढतो, दोनतीन आठवड्यांनी बिघडत नाही पण महिने घालवायचे नाहीत. दुसरा एक प्रकार असतो, पापणीतल्या तेलाच्या ग्रंथींचा, तो असता तर एवढं पण थांबू दिलं नसतं म्हणे. तो आपल्या भारतात बाहेरच्या देशांपेक्षा बराच जास्त दिसतो आणि हुबेहूब रांजणवाडीसारखा असतो, म्हणून वयस्कर माणसाला एकाच जागी परत परत रांजणवाडी येत असेल तर तुकडा तपासून घ्यायचाच. हे वाचणाऱ्या सगळ्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या पापण्या एकदा उजेडात बघा.

पण खरे मार्क जातात इथल्या काउन्सेलर ताईंना. त्यांनी पहिलं विचारलं काय ते, तर काम काय करता. शिवणकाम म्हटल्यावर त्यांनी कागदावर पापणी काढून दाखवली, थोडाच भाग गेला तर दोन्ही कडा ओढून शिवता येतात, अर्ध्याच्या वर गेला तर वरच्या पापणीच्या आतला पदर खाली आणून जोडतात आणि मग तो डोळा काही आठवडे बंदच राहतो, नंतर लहान दुसरं ऑपरेशन करून उघडतात. वरच्या पापणीतनं घेतात हे ऐकून पोटात गोळा आला, पण ब्लाऊजला कापड कमी पडलं की आपण आतल्या पट्टीतनं काढून लावतोच की, ते मला लगेच कळलं. माझं कुठलं होणार हे कडा तपासल्यावरच ठरणार, तरी धरून चला डोळा बंद राहणार, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. एका डोळ्यानं अंतराचा अंदाज चुकतो, म्हणून जिन्यावर, चहा ओतताना, मशीनच्या सुईखाली बोट देताना सांभाळायचं, आणि घरी रुमाल बांधून आधीच सवय करा. केली बघा. सुईत दोरा काही जात नाही, सून ओवून देते, सरळ शिलाई जमते, हुक-काज नाही. त्यावरनं कुठल्या ऑर्डर ठेवायच्या आणि कुठल्या शेजारच्या बाईला द्यायच्या ते ठरवलं आणि त्या दिवसापासनं झोप लागायला लागली. रडू येतं अजून, आरशात बघताना जास्त, पण कामाचं काय होणार हा घोर गेला.

माझी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. ती आपल्या मनानं बंद करू नका म्हणून दम दिला आणि हार्टच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली. संमतीचा फॉर्म कन्नड आणि इंग्लिशमध्ये, मला कन्नड बोलता येतं पण वाचता येत नाही, तर ताईंनी ओळ न् ओळ मराठीत वाचून दाखवली, मधे ह्यांनी सही कर सही कर केलं तर त्यांनाच गप्प बसवलं.

आता पाचवा स्टार. सरकारी आरोग्य योजनेच्या काउंटरवरची माणसं अर्धंच सांगतात. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकमध्ये बीपीएल कार्डाला वर्षाला कुटुंबामागं ५ लाखापर्यंत मिळतं, एपीएल म्हणजे दारिद्र्यरेषेच्या वरचं कार्ड असेल तर पॅकेजच्या ३० टक्के, हे मला शेजाऱ्यांकडनं कळलं, काउंटरवर नाही. सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी लागते हे फाईल पूर्ण झाल्यावर सांगितलं, परत सगळी धावपळ. आमचे भाऊजी म्हणत होते कोल्हापूरला जाऊ, सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना लागू केलीय महाराष्ट्रानं. पण ड्रेसिंगला सारखं निपाणी, कागल करत एका डोळ्यानं कोण जाणार, म्हणून इथंच.

वेटिंग भयंकर आहे, सोमवारी तर जाऊच नका. कॅन्सरच्या पेशंटला आणि चष्म्याचा नंबर काढायला आलेल्या पोरांना एकाच बाकावर बसवतात, निदान रिपोर्ट घ्यायला आलेल्यांना वेगळी वेळ द्यायला पाहिजे. रेशन कार्ड आणि आधारच्या झेरॉक्स घरनंच काढून न्या, आवारातलं मशीन मी गेले त्या प्रत्येक वेळी बंद होतं.