'एजंट्स ऑफ शील्ड' : पाचव्या पर्वाची दमदार सुरुवात

१ डिसेंबर २०१७ रोजी अमेरिकेत प्रथम प्रक्षेपित झालेली या दूरचित्रवाणी मालिकेच्या पाचव्या पर्वाची दोन भागांची सुरुवात मी गंगापूर रोडवरील घरी, नाशिकच्या ऐन थंडीत, धाकट्या बहिणीसोबत पुन्हा पाहिली आणि ती पूर्वीपेक्षाही अधिक भिडली. 'शील्ड' या गुप्तचर संस्थेचा एजंट कोल्सन व त्याचे सहकारी थेट २०९१ सालात, 'लाइटहाउस' नावाच्या बंदिस्त तळावर जाऊन पडतात. पृथ्वीचे तुकडे झालेले असतात आणि उरलेल्या माणसांवर क्री या परग्रहवासीयांची सत्ता असते.

या गुलामगिरीची भीषणता मोठ्या लढायांतून नव्हे, तर लहानसहान गोष्टींतून जाणवते : प्रत्येकाच्या मनगटात बसवलेले यंत्र, आणि सेवेसाठी निवडलेल्या, कोल्सनच्या चमूतील शास्त्रज्ञ सिमन्सचा सोनेरी रंगाने माखलेला चेहरा. तिला केवळ मालक कॅसियसचाच आवाज ऐकू यावा, अशी व्यवस्था केली जाते, तेव्हा बहिणीने नकळत माझा हात घट्ट धरला. सिमन्स साकारणाऱ्या एलिझाबेथ हेन्स्ट्रिज यांनी ही घुसमट केवळ डोळ्यांतून उभी केली आहे.

अंधाऱ्या बोळांतली धावपळ मात्र थोडी लांबली आहे, आणि सिमन्सचा जोडीदार फिट्झ याची अनुपस्थिती, कथेची गरज असली तरी, मनाला सतत टोचत राहते.