टोकियोहून एका रात्रीसाठी ओन्सेन (गरम पाण्याच्या झऱ्याचं) हॉटेल कसं निवडावं : काही महिन्यांच्या अनुभवानंतर

गरम पाण्याच्या झऱ्याचं हॉटेल शोधताना बहुतेकजण आधी खोलीचे फोटो बघतात, मग खिडकीतून काय दिसतं ते, आणि मग किंमत. मी म्हणेन, आधी पाणी बघा. त्यानंतर आंघोळीची सोय आणि रात्रीचं जेवण. खोली सगळ्यात शेवटी.

टोकियोतून शनिवार-रविवारी निघणाऱ्यांचा हिशेब साधा असतो. बहुतेक र्योकानमध्ये, म्हणजे जपानी पद्धतीच्या मुक्कामाच्या जागी, दुपारी ३ ला खोली मिळते आणि सकाळी १० ला सोडावी लागते. या १९ तासांतून दोन वेळचं खाणं आणि झोप वजा केली की उरतं ते पाणी. संध्याकाळी एकदा, झोपण्याआधी एकदा आणि पहाटे एकदा डुंबायचं. आजूबाजूची प्रेक्षणीय स्थळं वेळ उरला तर. त्यामुळे हॉटेल मनासारखं नसेल तर सहलीत दुसरं काही हाती लागत नाही.

आम्ही टोकियोतल्या निशि-कासाईत राहतो. गेल्या ऑक्टोबरपासून सवड मिळेल तसे हाकोने, आतामी, कुसात्सु आणि किनुगावा या ओन्सेनच्या भागांत जाऊन राहिलो. कधी आम्ही दोघं आणि मुलगा, तर वसंतात सासू-सासरे साताऱ्याहून आले होते तेव्हा त्यांना घेऊन. साकुरा म्हणजे चेरीचा बहर बघायला घरचे येणार म्हणून जे हॉटेल शोधतायत, त्यांच्यासाठी हे मुख्यतः लिहितेय.

ओन्सेन कशाला म्हणायचं हे जपानमध्ये १९४८ च्या कायद्यानं ठरलेलं आहे. जमिनीतून निघताना पाणी किमान २५ अंश सेल्सियस हवं, किंवा कायद्यात दिलेल्या १९ घटकांपैकी एखादा तरी ठरलेल्या प्रमाणात त्यात हवा. दोन्हीपैकी एक अट पुरते. २५ अंश म्हणजे साताऱ्यात उन्हाळ्यात नळाला येतं तेवढंच कोमट पाणी. म्हणून ‘ओन्सेन’ ही पाटी शंभर टक्के खरी असूनही आतलं पाणी बॉयलरवर तापवलेलं, गाळून पुन्हा पुन्हा फिरवलेलं आणि क्लोरीन घातलेलं असू शकतं. त्यात बेकायदा काही नाही. फिरवलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढू नयेत म्हणून निर्जंतुकीकरण करावंच लागतं. पण दोन-अडीच तास प्रवास करून जायचं ते अशा पाण्यासाठी नव्हे.

दुधाळ पाण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या नागानो प्रांतातल्या शिराहोने इथं काही ठिकाणी पाण्याचा रंग टिकवायला पावडर मिसळली जात होती, हे २००४ मध्ये उघड झालं आणि देशभर गदारोळ उडाला. त्यानंतर २००५ मध्ये नियम कडक झाले. पाण्यात साधं पाणी मिसळलंय का, ते तापवलंय का, फिरवून वापरलंय का, औषध किंवा दुसरं काही घातलंय का, हे सगळं आता हॉटेलला लिहून लावावं लागतं. कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर हा कागद असतो. त्याच्या शेजारी पाण्याच्या तपासणीचा दाखला असतो आणि ती तपासणी दर दहा वर्षांनी नव्यानं करावी लागते. फोनच्या कॅमेऱ्यानं भाषांतर केलं की झऱ्याचं तापमान, पीएच, कुठल्या आजारात पाण्यात उतरू नये, सगळं वाचता येतं. खूप हॉटेलं हीच माहिती वेबसाइटवरही देतात. जी देत नाहीत त्यांना मी मेल करून विचारते, आणि उत्तर गोलमोल आलं तर पुढचं हॉटेल बघते.

शोधायचा शब्द आहे ‘गेन्सेन काकेनागाशी’. झऱ्याचं पाणी एका बाजूनं सतत कुंडात पडतं, दुसऱ्या बाजूनं वाहून जातं, पुन्हा वापरलं जात नाही. फक्त इथं एक खाचखळगा आहे. जाहिरातीत हा शब्द असला तरी तो कधी कधी एकाच छोट्या कुंडापुरता खरा असतो आणि मोठ्या हॉलमधलं पाणी फिरवलेलंच असतं. आम्ही एका बड्या हॉटेलात राहिलो होतो. लॉबीला झुंबरं, कुंड दहाव्या मजल्यावर, समोर समुद्र. पण दार उघडलं की नगरपालिकेच्या तरणतलावासारखा क्लोरीनचा वास. सासूबाईंना त्या पाण्यानं अंगाला खाज सुटली. त्यामुळे मेलमध्ये मी आता थेट विचारते: कुठल्या कुंडात, आणि बाराही महिने का?

हाकोनेबद्दल एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. सगळ्या हाकोनेचं पाणी एक नाही. खाली हाकोने-युमोतो स्टेशनच्या आसपासचं पाणी स्वच्छ, बिनवासाचं, किंचित अल्कधर्मी असतं. त्वचेला मऊ लागतं. वर गोरा आणि सेंगोकुहारा भागात जे दुधाळ, गंधकाच्या वासाचं पाणी मिळतं, त्यातलं पुष्कळसं ओवाकुदानीच्या ज्वालामुखीच्या वाफेत साधं पाणी मिसळून तयार केलेलं आणि नळानं हॉटेलांपर्यंत नेलेलं असतं. ते खोटं अजिबात नाही, वाफ खरोखरच डोंगराच्या पोटातली आहे. मात्र २०१५ मध्ये ओवाकुदानी जागा झाला तेव्हा रोपवे बंद पडलाच, या पाणीपुरवठ्यालाही फटका बसला. म्हणून वरच्या भागात बुकिंग असेल तर निघण्याआधी ज्वालामुखीचा इशारा बघायची सवय ठेवा. ज्येष्ठांसाठी मला खालचं युमोतोच आवडलं. पाणी सौम्य आणि स्टेशनपासून हॉटेल जवळ.

कुसात्सुचं पाणी या सगळ्यांत वेगळं, आणि मला विचाराल तर सगळ्यात श्रेष्ठ. गावाच्या मध्यावर युबाताके आहे. झऱ्याचं कढत पाणी लाकडी पन्हळींतून सोडून थोडं निववतात आणि मग वाटतात. पाणी इतकं गरम आणि इतकं भरपूर, की तापवायचा प्रश्नच नाही, प्रश्न असतो तो थंड करायचा. साधं पाणी ओतलं तर गुण पातळ होतो, म्हणून जुन्या काळी लांब फळ्यांनी पाणी घुसळून निववत. त्याचा खेळ आजही गाणी म्हणत करून दाखवतात. पीएच २ च्या आसपास, म्हणजे लिंबाच्या रसाइतकं आंबट. चेहऱ्यावर उडालं तर डोळे झोंबतात. बाहेर आल्यावर अंग बराच वेळ आतून ऊबदार राहतं. हाडं गोठवणाऱ्या फेब्रुवारीत तिथून निघवत नव्हतं.

बायकांनी एक गोष्ट नक्की लक्षात ठेवावी. कुसात्सु असो की हाकोनेचं दुधाळ पाणी, गंधकानं चांदी काळी पडते. पैंजण, जोडवी, चांदीच्या अंगठ्या खोलीतल्या तिजोरीत ठेवून मगच उतरा. सासूबाईंची जोडवी वर्षानुवर्षं बोटातून निघालेली नव्हती, ती साबण लावून काढायला आम्हाला बराच वेळ लागला. म्हणून हे काम टोकियोतूनच करून निघा.

आता आंघोळीची सोय. सार्वजनिक कुंडात पुरुष आणि बायका वेगळे, पण आत अंगावर कपडा नसतो, पोहण्याचा पोशाखही चालत नाही. बाहेर छोट्या स्टुलावर बसून साबणानं अंग स्वच्छ धुवायचं, मगच पाण्यात उतरायचं. पंचा पाण्यात बुडवायचा नाही. मला दुसऱ्या खेपेपासून यात काही वाटेनासं झालं. पण सुनेनं सासूसोबत असं बसावं ही अपेक्षा मी आमच्या घरात करणार नाही, आणि त्यांनीही केली नाही. त्यांच्यासाठी ‘काशिकिरी’ हवं, म्हणजे पाऊण-एक तासासाठी फक्त आपल्या कुटुंबाला मिळणारं, आतून कडी लावता येणारं कुंड. काही ठिकाणी ते फुकट असतं, काही ठिकाणी दोन-चार हजार येन पडतात. आल्या आल्या वेळ नोंदवायची, संध्याकाळच्या वेळा भराभर संपतात. सासू-सासरे दोघं मिळून तिथं गेले आणि इतके खुशीत बाहेर आले, की रात्री पुन्हा जायचं म्हणाले.

काशिकिरीचं आणखी एक कारण आहे, ते आपल्या लोकांनाच लागू पडतं. अंगावर टॅटू असेल तर अनेक ओन्सेनमध्ये प्रवेश नसतो. आपल्याकडच्या जुन्या पिढीतल्या बायकांच्या हातावर, कपाळावर गोंदण असतं. आम्ही एका ठिकाणी आधी विचारलं तर त्यांनी त्वचेच्या रंगाची चिकटपट्टी लावून या असं नम्रपणे सांगितलं. सासूबाईंच्या हातावर तुळशीवृंदावन गोंदलेलं आहे. ते झाकायला लावणं मला पटेना, म्हणून त्या हॉटेलात आम्ही फक्त काशिकिरीच घेतलं.

बऱ्याच ठिकाणी बायकांचं आणि पुरुषांचं कुंड रात्री अदलाबदल करतात. पहाटे अर्धवट झोपेत कालच्याच दारात शिरू नका, पडद्याचा रंग आणि अक्षर बघा. सासऱ्यांना रक्तदाबाची गोळी असल्यानं साताऱ्यातल्या डॉक्टरांना आधी विचारून घेतलं होतं. जेवणानंतर लगेच नाही, एका वेळी थोडाच वेळ, आणि वर आल्यावर भरपूर पाणी, एवढं आम्ही पाळलं.

जेवणाचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण शाकाहारी घरासाठी खरी अडचण इथंच आहे. र्योकानचा दर साधारणपणे माणशी असतो आणि त्यात रात्रीचं जेवण व नाश्ता धरलेला असतो. जेवण देखणं, पंधरा वाट्यांचं. पण जवळजवळ प्रत्येक वाटीत ‘दाशी’ असतं, म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाचं सार. मिसो सूपमध्ये, शिजवलेल्या मुळ्यात, सोबा नूडल्सच्या चटणीपाण्यात, अगदी पालकाच्या भाजीतही. ‘शाकाहारी’ एवढंच कळवलं तर मनापासून मासे बाजूला काढून देतात, पण सार तेच राहतं. त्यामुळे वाक्य पूर्ण लिहावं लागतं: मांस नको, मासे नकोत, माशांचं दाशी नको, कोम्बू म्हणजे समुद्री शेवाळाचं दाशी चालेल, अंडं चालेल की नाही ते वेगळं. हे किमान आठवडाभर आधी कळवा. एका छोट्या र्योकाननं आम्हाला जमणार नाही असं स्पष्ट लिहिलं, आणि मला ते उत्तर आवडलं. दुसऱ्या एकानं फक्त आमच्यासाठी कोम्बूवर सगळा स्वयंपाक केला. तीळ घातलेलं टोफू, भाजलेली वांगी, भाज्यांचा तेम्पुरा. सासऱ्यांनी भात दोनदा मागून घेतला.

हे सगळं जुळत नसेल तर ‘सुदोमारी’ म्हणजे बिनजेवणाचा दर घ्या. निशि-कासाईच्या भारतीय दुकानांतून थेपले, लोणचं, मेतकूट असं नेलं की काम भागतं. खोलीत बाहेरचं खाल्लेलं चालेल का तेवढं आधी विचारून घ्या. किनुगावाकडे गेलात तर शेजारच्या निक्कोचं युबा मिळतं, सोयाबीनच्या दुधावरची साय. तिथंही सार कशाचं ते विचाराच.

खोलीबद्दल एकच अट: गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर जमिनीवरच्या फुतोन गादीऐवजी पलंग आणि लिफ्ट मागा. जुन्या लाकडी र्योकानमध्ये कुंडाकडे जायला जिने असतात.

प्रवासात हाकोनेला शिंजुकुहून रोमान्सकार ही रेल्वेगाडी दीड तासाच्या आत पोचवते. आमच्या बाजूच्या लोकांसाठी ओतेमाचीहून थेट युमोतोला जाणारी मेट्रो हाकोने ही रोमान्सकारही आहे. फेऱ्या मोजक्या असतात, पण निशि-कासाईच्या तोझाई मेट्रो मार्गावरून एकदाच गाडी बदलायची. आतामी टोकियो स्टेशनहून शिंकानसेन म्हणजे बुलेट ट्रेननं पाऊण तासाच्या आसपास. कुसात्सुला शिंजुकुहून बसनं चार तास धरा. एका रात्रीसाठी ते जास्त आहे, तिथं दोन रात्री काढा. आणि जमत असेल तर शनिवारऐवजी रविवारची रात्र घ्या, सोमवारी रजा टाकून. तेच हॉटेल, तीच खोली, दर बराच खाली येतो आणि कुंडात कधी कधी तुम्ही एकटेच असता. बिलात बहुतेक ठिकाणी माणशी १५० येन स्नानकर वेगळा दिसेल.

ज्यांना रात्र बाहेर काढणं शक्यच नाही, त्यांनी टोकियोतल्याच ओता वॉर्डात कामाताकडे जावं. तिथल्या साध्या सार्वजनिक स्नानगृहांत जमिनीखालून येणारं, कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी आहे. हजारो वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या वनस्पतींमुळे त्याला तो रंग आलेला आहे. तापवलेलं असतं, पण पाणी जमिनीतलंच. तिकीट साडेपाचशे येनच्या आसपास, आणि रात्री उशिरापर्यंत उघडं असल्यामुळे ऑफिस सुटल्यावरही जाता येतं.