नवा फ्युएल पंप: एक उन्हाळा, एक पावसाळा

पेट्रोल गाडी, लाखावर किलोमीटर झालेली. फेब्रुवारीपासून मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाटात झटके द्यायला लागली. दुपारी उन्हात उभी राहिली की सेल्फ बराच वेळ मारावा लागायचा. सकाळी मात्र एकदम शहाणी. एका गॅरेजने इंजेक्टर साफ करून बिल लावलं, फरक शून्य.

नाशिकच्या मुंबई नाक्याजवळच्या मेकॅनिकने आधी पेट्रोलचं प्रेशर मोजणारा गेज लावला. ज्याच्याकडे गेज नाही त्याच्याकडे हे काम देऊच नका. अशा गाड्यांत साधारण 3 ते 4 बार प्रेशर लागतं. आयडलला ठीक होतं, रेस धरून ठेवली की काटा खाली. संशय फ्युएल पंपावर, म्हणजे टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल ढकलणाऱ्या मोटरवर. तरी त्याने लगेच पंप काढला नाही. मागची सीट उचलून खालच्या टाकीवर पंपाच्या वायरचा जोड (कपलर) असतो, तिथे व्होल्टेज मोजलं. पुरेसं येत होतं, म्हणजे रिले (पंपाला वीज देणारा स्विच) आणि वायरिंग निर्दोष. मग पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, लाइनमधलं प्रेशर उतरवायला. बॅटरीची निगेटिव्ह काढली, पंपाच्या झाकणावरची धूळ हवा मारून उडवली, तेव्हा कुठे झाकणाची रिंग फिरवली. पंपाखालची पेट्रोल गाळायची जाळी काळीकुट्ट, बोट लावलं तर चिकट.

फक्त मोटर बरीच स्वस्त पडते. मी अख्खी असेंब्ली (मोटर, जाळी, फ्लोट सगळं एकत्र) घेतली, कारण जुन्या प्लास्टिकच्या क्लिपा उघडतानाच तुटल्या. क्लिपा धड असतील तर मोटर आणि जाळीवर भागतं, माझं मत. झाकणाखालचं रबर मात्र नवंच घाला, नाहीतर गाडीत पेट्रोलचा वास कोंडतो.

मे महिन्यात सापुतारा, पावसात वणी, दोन्हीकडे गाडीने तक्रार केली नाही. चावी ऑन केली की मागून दोन सेकंद घूं आवाज, मग पहिल्या सेल्फला चालू. मायलेज होतं तेवढंच आहे. आता पाव टाकीखाली जाऊ देत नाही. ही मोटर पेट्रोलमध्येच बुडून थंड राहते, आणि आमच्याकडे रिझर्व्हवर फिरायची घराण्याची परंपरा आहे.

एकच खोट: नव्या फ्लोटमुळे (टाकीतली पातळी मोजणारा तरंगता भाग) डॅशबोर्डवरचा पेट्रोलचा काटा जरा कमी दाखवतो, रिझर्व्हचा लाइट लवकर पेटतो. चार-पाच लिटर जास्तच शिल्लक असतात, त्यामुळे तेवढ्यासाठी परत टाकी उघडणार नाही.