सिंगापूरला एकच बाग बघायची असेल तर

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीतून यंदा तिसरं कुटुंब सिंगापूरला निघालंय आणि तिसऱ्यांदा तोच प्रश्न माझ्याकडे आलाय: गार्डन्स बाय द बे बघायची की जुनी बोटॅनिक गार्डन? चार दिवसांच्या सहलीत दोन-दोन बागा कशाला, असं घरातल्या पुरुषमंडळींचं म्हणणं असतं. मी उलट विचारते, बरोबर कोण आहे? कारण आमच्याबरोबर गुडघे धरून चालणाऱ्या सासूबाई होत्या आणि दहा वर्षांचा मुलगा होता, आणि दोघांचं उत्तर वेगवेगळं आलं.

जुनी बाग आपल्याला पटकन कळते. आपण कमाटीबागेत वाढलो ना! कमाटीबाग 1879 ची, ती 1859 ची. कमाटीबाग 113 एकर, ती 82 हेक्टर, म्हणजे साधारण पावणेदोन पट. तसेच जुने वृक्ष, तळी, बँडस्टँड, पहाटे फिरायला आलेली म्हातारी माणसं. आत जायला पैसे पडत नाहीत. 2015 पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, आणि त्यामागे रबराची मोठी कथा आहे. 1877 मध्ये लंडनच्या क्यू बागेतून रबराची रोपं इथे आली. पुढे बागेचे संचालक हेन्री रिडली यांनी झाड न मारता पुन्हापुन्हा चीक काढायची रीत इथेच बसवली, आणि मलायाभर रबराचे मळे उभे राहिले.

गार्डन्स बाय द बेला असं काही जुनं नाही. समुद्रात भराव घालून केलेल्या जमिनीवर 2012 मध्ये ती उघडली. बाहेरची बाग आणि 'सुपरट्री' म्हणतात ते झाडाच्या आकाराचे उंच लोखंडी मनोरे फुकट बघता येतात. तिकीट लागतं ते काचेच्या दोन अवाढव्य घुमटांना, आणि परदेशी पाहुण्यांना ते स्थानिकांपेक्षा महाग पडतं. चौघांचं तिकीट रुपयांत मोजलं की पोटात गोळा येतो. म्हणून खरा निर्णय बागांपेक्षा या घुमटांचा आहे.

एकच घुमट घेणार असाल तर क्लाउड फॉरेस्ट घ्या. दार उघडलं की समोर 35 मीटरचा हिरवा डोंगर आणि त्यावरून कोसळणारा धबधबा. तुषार थेट तोंडावर. एक ते दोन हजार मीटर उंचीवरच्या उष्णकटिबंधातलं डोंगरी रान काचेखाली आणलंय. डोंगर चढावा लागत नाही. लिफ्टने माथ्यावर जायचं आणि भोवतीच्या अधांतरी वाटांवरून हळूहळू खाली यायचं. सासूबाई पहिल्या वळणावर कठडा घट्ट धरून थांबल्या, खाली बघेनात. मग ठरावीक वेळेला सोडतात ते धुकं आलं, खालचं सगळं दिसेनासं झालं, आणि त्या निवांत चालू लागल्या! मुलगा कीटक खाणाऱ्या घटपर्णीपाशी चिकटून उभा. बाहेर पडलो तर दमट हवेने सगळ्यांचे चष्मे एकदम पांढरे.

फ्लॉवर डोम आकाराने मोठा, 2015 मध्ये जगातलं सर्वांत मोठं काचेचं हरितगृह म्हणून गिनीज बुकात गेलेला. ऑलिव्हची शेकडो वर्षांची झाडं, निवडुंग, मोसमाप्रमाणे बदलणारी फुलांची आरास. सुंदर आहे, पण मला तिथे लग्नाच्या मंडपात फिरल्यासारखं वाटलं. आफ्रिकेतून आणलेली गोरखचिंच बघून सासूबाई म्हणाल्या, "हा तर आपला रुखडो." गुजरातेत राहून त्यासाठी डॉलर मोजायचे का, ते तुमचं तुम्ही ठरवा. फुलांचे फोटो हवे असतील तर मात्र हाच घ्या.

सुपरट्री संध्याकाळी बघावेत. एकूण 18, उंची 25 ते 50 मीटर, अंगावर खरी झाडं चढवलेली. काहींच्या माथ्यावर सौर पट्ट्या, काहींच्या पोटातून घुमटांची गरम हवा बाहेर जाते; शहरातल्या झाडांच्या छाटणीचा कचरा जाळून घुमट थंड ठेवायला ऊर्जा मिळवतात, हे मुलाला धबधब्याइतकंच आवडलं. रात्री पावणेआठ आणि पावणेनऊला प्रकाश-संगीताचा खेळ असतो, फुकट. लोक सरळ जमिनीवर आडवे होतात. आमच्या टूरवाल्याने पहिल्या सहलीत सगळी बाग दुपारी दीड तासात गुंडाळली होती आणि हा खेळ दाखवलाच नव्हता. तो राग अजून आहे. दोन सुपरट्रींमधला 22 मीटर उंचीवरचा पूल वेगळ्या तिकिटाचा. विजा चमकू लागल्या की तो बंद करतात, त्यामुळे आभाळ बघून तिकीट काढा.

मग जुनी बाग कुणासाठी? ज्यांना झाडाखाली बसायला आवडतं त्यांच्यासाठी. तिथल्या ऑर्किड बागेचं वेगळं तिकीट घुमटांच्या मानाने बरंच कमी आणि आत हजाराहून अधिक जाती. 2018 मध्ये तिथल्या एका ऑर्किडला नरेंद्र मोदींचं नाव दिलंय, बडोदेकरांना तेवढंच निमित्त. आणि टेंबुसूचं ते झाड नक्की बघा, ज्याची खालची फांदी जमिनीला समांतर लांबच लांब गेलीय. सिंगापूरच्या पाच डॉलरच्या नोटेमागे तेच आहे. सासूबाई नोट हातात धरून फांदी जुळवत बराच वेळ उभ्या होत्या, आणि ती नोट मग कुणाला मोडू दिली नाही. अडचण एवढीच की उतार-चढाव आहेत, ऊन आहे, आणि पाऊस आला की आसरा शोधत धावायचं.

तेव्हा लहान मुलं, एकच दिवस किंवा पावसाची धास्ती असेल तर गार्डन्स बाय द बे. घुमटांत निदान डोक्यावर छप्पर आणि अंगाला गारवा आहे. वडीलधारी माणसं सकाळी चालणारी असतील आणि तिकिटांवर खर्च नको असेल तर जुनी बाग. ज्यांना दोन्ही हवंय त्यांनी सकाळी सातला नेपियर स्टेशनला उतरावं, जुनी बाग बघून त्याच मार्गाच्या मेट्रोने गाडी न बदलता गार्डन्स बाय द बे स्टेशन गाठावं, भर दुपार क्लाउड फॉरेस्टमध्ये काढावी. आपल्या घड्याळापेक्षा तिथलं अडीच तास पुढे असतं, तेव्हा पहिल्या दिवशी हा बेत ठेवू नका, सातला कुणी उठत नाही. थेपले सोबत असू द्या. आणि घुमट देखभालीसाठी अधूनमधून एखादा दिवस बंद असतात, ती तारीख विमानाची तिकिटं काढण्याआधी बघून घ्या.