बक्षीसपत्र की मृत्युपत्र?

इंदूरला रामबागेतल्या मावशीने परवा घर मुलाच्या नावे करण्याचं टाइप केलेलं बक्षीसपत्र पुढ्यात ठेवलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "करू का गं सही?" मी म्हटलं, "मावशी, थांब."

बक्षीसपत्राची नोंदणी झाली की घर मुलाचं. मन बदललं म्हणून परत मागता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात असं बक्षीसपत्र रद्द करून घेण्यासाठी कलम २३ आहे खरं, पण ते सांभाळाची अट असेल तरच चालतं. ६ डिसेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने, अशी अट सिद्ध झाली नाही म्हणून, एका आईच्या बाजूचा आदेश रद्द केला. उलट २ जानेवारी २०२५ ला, आपल्याच मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या प्रकरणात, बक्षीसपत्र रद्द ठरवून आईला ताबा परत मिळवून दिला. तिथे मुलाने सांभाळाचं वचन लेखी दिल्याचं आईने दाखवलं होतं. मावशीच्या कागदात तसली एकही ओळ नव्हती. मी बोट ठेवून दोनदा वाचलं.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार पुरतात, हवं तेव्हा बदलता येतं, आणि डोळे मिटेपर्यंत घर तिचंच. मागे भावंडांत वाद होऊ शकतो, हे मान्य. तरी मी मृत्युपत्रच सुचवलं.

मावशीने कागदाची घडी घालून तो देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवला.