साकीनाक्याचं वेल्डिंग, नागदेवीचे बेअरिंग: तुटलेल्या माउंटन सायकलीला ही जुळवाजुळव कितपत मानवते?

पोलादी फ्रेम असेल तर पाचपैकी चार तारे. ॲल्युमिनियमची असेल तर दोन, तेही तडा चेनस्टेला (पेडलच्या जागेपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीला) असेल तरच. हेड ट्यूबजवळ (हँडलखालच्या उभ्या नळीजवळ) तुटलेल्या ॲल्युमिनियमला शून्य. निकाल आधीच सांगितलेला बरा, कारण हे काम मुंबईत सहसा एका छताखाली होत नाही. वेल्डिंग साकीनाका किंवा अंधेरी एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यात, बेअरिंग आणि नट-बोल्ट मशीद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर, चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) आणि चाकं काळबादेवीच्या सायकलवाल्यांकडे, नाहीतर भंगारात. तिन्हीकडची माणसं आपापल्या कामात तरबेज असतात. पण फ्रेम सरळ राहिली का, हे बघणं तिघांपैकी कोणाच्याच खात्यात येत नाही. ते गिऱ्हाइकाने बघायचं.

गाळ्यात जाण्याआधी फ्रेमला चुंबक लावून पाहा. चिकटला तर पोलाद, आणि मग चिंता कमी. तिथे पहिला प्रश्न विचारायचा तो टिग (टंगस्टनच्या टोकाचं, आर्गॉन वायूतलं वेल्डिंग) आहे का हा. रॉड वेल्डिंगवाला स्वस्तात करून देतो, पण सायकलच्या नळीची जाडी बऱ्याचदा ०.८ ते १ एमएम एवढीच असते आणि ग्रिल-गेटची रॉड तिला भोक पाडते. सीओटूने (कार्बन डायऑक्साइडमधल्या तारेच्या वेल्डिंगने) वरून टाका छान दिसतो, आत मात्र धातू नीट मुरलेला नसतो. टिगला ३५ ते ५० अँपिअर आणि १.६ एमएमची ईआर७०एस-२ फिलर (टाक्यात वितळवायची तार) पुरते. तड्याच्या दोन्ही बाजूंना ५० एमएम रंग खरवडून उघडा धातू करून न्या. बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या दांड्याचे बेअरिंग), हेडसेट (हँडलचे बेअरिंग), सीटपोस्ट घरीच काढा. नळी बंद असेल तर हवा जायला ३ एमएमचं भोक लागतं, नाहीतर आतली तापलेली हवा शेवटच्या टोकाला वितळलेला धातू बाहेर फेकते आणि तिथे पिनहोल राहतं. टाका घासून सपाट करून देतो असं मिस्त्री म्हणाला तर नको म्हणा. ते सौंदर्य ताकदीच्या मुळावर येतं.

या गाळ्यांचा खरा दोष बदली नळीत आहे. चेनस्टे पार गेली असेल तर मिस्त्री कोपऱ्यात पडलेला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप उचलतो. जस्ताचा थर जळून विषारी धूर होतो आणि टाका सच्छिद्र येतो. साधा एमएसचा (माइल्ड स्टीलचा) ईआरडब्ल्यू, म्हणजे लांबीत शिवण असलेला, पाइप चालतो, पण हिशेब करून. क्रोमोलीची (सायकलच्या फ्रेमचं मिश्र पोलाद) यील्ड, म्हणजे कायमचं वाकण्याआधी सोसलेला ताण, ४३५ एमपीएच्या आसपास, एमएसची २५० च्या. म्हणजे मूळ नळी ०.९ एमएमची असेल तर बदली १.६ ची घ्या. वजन वाढेल, वाढू द्या. सांध्यात आतून बाही (नळीच्या आत बसणारा छोटा तुकडा) घालायची असेल तर तिची टोकं तिरपी कापून घ्या. काटकोनात कापलेल्या बाहीच्या कडेलाच पुढचा तडा जातो.

ॲल्युमिनियमचं दुखणं वेगळं. टाका उत्तम बसतो, शेजारचा धातू मऊ पडतो. ६०६१-टी६ या फ्रेमच्या मिश्रधातूची ताकद टाक्यालगत जवळपास निम्म्यावर येते. ती परत आणायची तर अख्खी फ्रेम ५३० अंशांच्या भट्टीत तापवून पाण्यात विझवायची आणि मग १७५ अंशांना सुमारे आठ तास ठेवायची. वेल्डिंगच्या गाळ्यात ती सोय नसते, आणि विझवताना फ्रेम वाकते ते वेगळंच. ७००५ या दुसऱ्या मिश्रधातूला विझवण्याची गरज नसते, त्यामुळे ती दुरुस्तीला बरी. तिला ५३५६ फिलर, ६०६१ ला ४०४३. फ्रेमवरचा स्टिकर वाचून मगच मिस्त्रीला फिलर सांगा. तड्याच्या दोन्ही टोकांना वेल्डिंगआधी ३ एमएमची भोकं पाडून घ्या. तडा खरोखर कुठे संपतो ते डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी डाय पेनिट्रंटचे (तड्यात शिरून तो दाखवणाऱ्या रंगाचे) तीन डबे आणा: क्लीनर, लाल रंग, पांढरा डेव्हलपर. हे पैसे वाया जात नाहीत.

आता सरळपणा. टाका थंड होताना आकसतो आणि स्टेला आपल्या बाजूला ओढतो. म्हणून मागच्या ड्रॉपआउटमध्ये (चाकाचा ॲक्सल बसतो त्या खाचांमध्ये) १० एमएमचा थ्रेडेड रॉड घालून दोन्ही बाजूंच्या नटांनी आतलं अंतर १३५ एमएम पक्कं करा, आणि मगच टॅक (तात्पुरते ठिपक्यासारखे टाके) मारू द्या. समोरासमोर चार टॅक, मग थोडं थोडं आलटून पालटून. घरी आल्यावर दोरा एका ड्रॉपआउटपासून हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणा आणि सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. २ एमएमपर्यंत फरक चालतो. जास्त असेल तर पोलाद थंडच दाबून सरळ करता येतं. ॲल्युमिनियमला हात लावू नका.

विजोड भागांत सर्वांत महागात पडतो तो चिमटा. ८० एमएम ट्रॅव्हलच्या (सस्पेन्शन दबण्याच्या लांबीच्या) जुन्या फ्रेमला १२० चा चिमटा स्टीअरर (चिमट्याची वरची नळी) २८.६ एमएमचा असला की बिनतक्रार बसतो, आणि फसगत तिथेच होते. पुढचं टोक ४० एमएम उचललं जातं, हेड अँगल (हेड ट्यूबचा जमिनीशी कोन) सुमारे दोन अंशांनी पडतो आणि लांब तरफेचा सगळा जोर डाउन ट्यूबच्या (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीच्या) वरच्या सांध्यावर येतो. आरेच्या मुरूम रस्त्यावर हे कळत नाही. ठाण्याच्या येऊर डोंगराच्या उतारावर कळतं. अशा वेळी लांबी जुळणारा साधा, सस्पेन्शन नसलेला चिमटा घेतलेला परवडला.

चाकाचं गणित सोपं आहे. २६ इंची रिमचा टायर बसण्याचा व्यास ५५९ एमएम, २७.५ चा ५८४. व्ही-ब्रेकचे (रिमला दाबणाऱ्या ब्रेकचे) खुंट १२.५ एमएमने चुकतात, म्हणजे असं चाक फक्त डिस्क ब्रेकवर आणि टायरला जागा असेल तरच. रोडचा १३० चा हब १३५ मध्ये बसवायचा तर लांब ॲक्सल आणि दोन्ही बाजूंना अडीच एमएमचे वायसर. गिअरमध्ये शिमानोचे आठ आणि नऊ स्पीडचे मागचे डिरेलर (साखळी एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारे) एकमेकांच्या जागी चालतात. माउंटनचा दहा स्पीडचा नऊच्या शिफ्टरवर चालत नाही, कारण केबल ओढण्याचं प्रमाणच वेगळं. कितीही ट्यूनिंग करा, दोन गिअर बसतील, बाकीचे कुरकुरतील.

नागदेवीला पाच तारे द्यायला हरकत नव्हती, एक अडचण सोडून: तिथला माल यंत्रांसाठी आहे. मागच्या सस्पेन्शनच्या पिव्हटला (डुलत्या सांध्याला) ६९०२ नंबरचा बेअरिंग मागितलात तर १५ बाय २८ बाय ७ चा अचूक बेअरिंग मिळतो, पण आत पिंजरा आणि मोजके छर्रे. पिव्हट गोल फिरत नाही, जागच्या जागी डुलतो. त्याला छर्ऱ्यांनी गच्च भरलेला मॅक्स प्रकार लागतो. साधा चालतो, लवकर खुळखुळतो. डिरेलर हँगरचे (डिरेलर लटकतो त्या फ्रेमच्या कानाचे) आटे एम१० बाय १ चे, आणि दुकानात साधा एम१० टॅप (आटे पाडायचं हत्यार) मागितला की हाती येतो तो १.५ चा. बारीक आटा मुद्दाम सांगून घ्या. बॉटम ब्रॅकेटचा १.३७ इंच बाय २४ चा टॅप मिळेपर्यंत जुन्या पोलादी वाटीला करवतीने उभ्या खाचा पाडून तीच टॅपसारखी फिरवा. उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, हे मिस्त्रीला आधी सांगा. स्टेमसाठी (हँडल धरणाऱ्या भागासाठी) चकचकीत स्टेनलेस बोल्ट घेण्याचा मोह आवरा: स्टेनलेसच्या ए२-७० ग्रेडची ताकद ७०० एमपीए, पोलादी १२.९ ग्रेडची १२००. काळा १२.९ आपल्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजतो. ग्रीस लावून ५ एनएमला (न्यूटन-मीटरला) आवळायचा आणि गंजला की बदलायचा.

रंगाचं काम गणपतीनंतरवर ढकला. दमट हवेत प्रायमरखाली ओल अडकते आणि टाक्याभोवती फुगे येतात. पोलादी नळीत आतून तेल सोडा, आणि बॉटम ब्रॅकेटच्या तळाला पाणी निघायचं भोक रंगाने बुजलं नाही ना ते काडी घालून बघा.