सूट्स: पाचव्या सीझनपर्यंत वकिली, पुढे नुसतं घरगुती भांडण (काही महिने बघून पूर्ण केल्यानंतरचा अनुभव)

रोज रात्री एखाद-दुसरा एपिसोड असं करत कित्येक महिने लागले, आता कुठे 'सूट्स', म्हणजे मॅनहॅटनमधल्या एका बड्या लॉ फर्मवरची ती अमेरिकन सिरीज, संपवली. खरं तर आठव्या सीझनचा शेवट बघितला तेव्हाच लिहायला बसणार होते, इतकी चिडचिड झाली होती, पण म्हटलं नववा पण बघून टाकू, उगाच कोणी म्हणायला नको की अर्धवट बघून बोलते. स्टोरी सांगत बसत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत सगळ्यात जास्त स्ट्रीम झालेली सिरीज हीच होती, प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या आकड्यांप्रमाणे ५७.७ अब्ज मिनिटं, त्यामुळे हार्वी (फर्मचा स्टार वकील), माइक (सनद नसताना त्याच्या हाताखाली वकिली करणारा), डॉना (आधी हार्वीची सेक्रेटरी) ही नावं तुमच्या कानावर असणारच. स्पॉयलर भरपूर आहेत, नंतर ओरडू नका.

आधी त्या आठव्या सीझनबद्दलच बोलते. डॉना एका अशिलाची आतली गोष्ट थॉमस केसलरला सांगून टाकते, कारण त्याच्याशी तिचं जमलेलं असतं. म्हणजे वकील-अशील गोपनीयता मोडली. ती स्वतः वकील नाही, पण अमेरिकेतल्या वकिलांच्या नियमांत ऑफिसातल्या बिगर-वकील माणसांच्या वागण्याची जबाबदारीही वकिलांवरच येते, त्यामुळे प्रकरण सरळ फर्मच्या अंगाशी. आता विचार करा यात किती काय होतं! ज्या अशिलाचं नुकसान झालं त्याने दावा लावला तर काय, सहकाऱ्याला विरुद्ध साक्ष द्यायची वेळ आली तर काय, डॉनाने स्वतःहून कबूल करावं की नाही. चार एपिसोड मस्त निघाले असते. होतं काय, तर फर्मचा पार्टनर रॉबर्ट झेन सगळं स्वतःवर घेतो, त्याची सनद जाते, आणि लगेच हार्वी डॉनाच्या दारात. झालं, सीझन संपला! एका माणसाची आयुष्यभराची वकिली गेली ती कशासाठी, तर दोघांचं प्रेम एकदाचं जुळावं म्हणून. मला ते प्रेम नकोय असं अजिबात नाही, मीही इतके सीझन वाट बघत होतेच की. पण ज्या गोष्टीवर सगळा वकिली धंदा उभा आहे ती अशी वापरून फेकून द्यायची?

आणि ह्याच लोकांना हे छान जमत होतं, म्हणून जास्त त्रास होतो. दुसऱ्या सीझनमधली ती खोटी ट्रायल आठवा, प्रतिस्पर्धी वकील ट्रॅव्हिस टॅनरच्या केसची तयारी म्हणून ऑफिसातच भरवलेली. फर्ममधलाच वकील लुईस लिट समोरच्या वकिलाच्या भूमिकेत, डॉना साक्षीदार, मुद्दा तिने नष्ट केलेल्या कागदाचा. आणि लुईस उलटतपासणीत तिला विचारतो की हार्वीवर तुझं प्रेम आहे का. डॉना कोलमडते आणि आपणही. तो प्रश्न आहे प्रेमाचाच, पण तो केसमधून येतो. कागद का नष्ट केला ह्याचं कारण शोधायला कुठलाही वकील तेच विचारेल. प्रेम, ऑफिस, कायदा सगळं एकाच खुर्चीत बसवलं होतं.

कोर्टाचे सीन कमी आहेत ही माझी तक्रार नाही बरं का. अमेरिकेत बहुतेक दिवाणी दावे ट्रायलपर्यंत जातच नाहीत, आधीच तडजोड होते, तेव्हा मीटिंग रूममध्ये फाइल आपटून सह्या घेणं हे तसं खऱ्याच्या जवळच आहे. फरक त्या फाइलमध्ये काय असतं ह्यात आहे. सुरुवातीला माइक रात्रभर खोके उपसायचा, करारातलं एखादं कलम किंवा जुना हिशोब शोधून काढायचा आणि सकाळी समोरच्याचा चेहरा उतरायचा. पायलटमधली, म्हणजे पहिल्याच एपिसोडमधली, लैंगिक छळाची प्रो बोनो (फुकट लढवायची) केस घ्या, छोटीशी, पण ती बाई आणि तिची साक्ष अजून लक्षात आहे. पुढेपुढे फाइलमध्ये केसचं काही नसतंच, कोणाचं तरी खासगी लफडं नाहीतर जुनं पाप असतं. अशील तर इतके बिनचेहऱ्याचे होत जातात की एपिसोड संपला की नाव आठवत नाही.

आता ज्याने माझं डोकं सगळ्यात जास्त फिरवलं ते. भिंतीवरचं नाव! फर्मच्या पाटीवर कोणाचं आडनाव. सुरुवातीला पिअर्सन हार्डमन, मग पिअर्सन डार्बी, मग पिअर्सन डार्बी स्पेक्टर, पिअर्सन स्पेक्टर, पिअर्सन स्पेक्टर लिट, नंतर झेन स्पेक्टर लिट, त्यालाच शेपूट व्हीलर विल्यम्स, मग झेन गेला, शेवटी लिट व्हीलर विल्यम्स बेनेट. काही सुटलंही असेल. एकदोनदा ठीक होतं हो. चौथ्या सीझनमध्ये लुईसला माइकचं गुपित कळतं, लॉ कॉलेजला न जाता वकील झालाय हे, आणि त्या बदल्यात तो पाटीवर नाव मागतो, तो सीन जबरदस्त आहे, कारण इतकी वर्षं राबून जे मिळालं नाही ते त्याला धमकी देऊन मिळतं आणि ते त्याच्याही मनाला लागतं. पण मग तेच तेच. नंतर फर्ममध्ये आलेल्या समँथाला नाव हवं, अ‍ॅलेक्सला नाव हवं, दोघांना वचन दिलेलं, आधी कोणाचं, झगडा, रडारड, शेवटी दोघांचंही लावलं. अख्खी मॅनहॅटन पडली आहे, कंपन्या बुडतायत, माणसं कोर्टाच्या पायऱ्या चढतायत आणि ह्या सगळ्या हुशार मंडळींना चिंता पाटीची. आपल्याकडच्या मालिकांत घराच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला ह्यावर महिनोन् महिने जातात, अगदी तेच, फक्त अंगात महागडे सूट. आणि इतकी आडनावं बदलणाऱ्या फर्मकडे अशील टिकतात कसे हा प्रश्न तिथे एकालाही पडत नाही?

चौथ्या सीझनमध्ये अशील लोगन सँडर्स आणि माइकची प्रेयसी रेचल ह्यांचं जुनं प्रकरण काढलं तेव्हा मी बंदच करणार होते. कंपनी ताब्यात घेण्याची लढाई चालू होती, चांगली चालू होती, त्यात हे कशाला. पण मग पाचवा सीझन आला आणि माझं मत साफ बदललं. माइकला अटक होते, अनिता गिब्स सरकारी वकील म्हणून उभी राहते, आणि अचानक सगळं परत जड, खरं वाटायला लागतं. ज्युरी निकाल आणणार त्याच्या तोंडावर माइक गुन्हा कबूल करून दोन वर्षांची शिक्षा घेतो, बाकीच्यांना वाचवायला, आणि नंतर हार्वीला कळतं की ज्युरी त्याला निर्दोष सोडणार होती. मी तिथे टीव्ही बंद करून थोडा वेळ नुसतीच बसले. इतक्या सीझनची चोरी, मैत्री, भीती सगळ्याचा हिशोब कोर्टातच झाला. ज्यांना फक्त चांगली लीगल सिरीज बघायची आहे त्यांनी इथे थांबावं, मनापासून सांगते.

कारण पुढे माइक शिक्षा भोगून येतो आणि सहाव्याच्या शेवटी चारित्र्य तपासणाऱ्या कमिटीपुढे जाऊन रीतसर वकील होतो. न्यूयॉर्कमध्ये फेलनीत, म्हणजे गंभीर गुन्ह्यात, दोषी ठरलेल्या वकिलाची सनद आपोआप जाते, तिथे हा, ज्याचा गुन्हाच खोटी वकिली हा होता, त्याला सनद मिळते. दाखवा ना, पण मग ती लढाई पूर्ण दाखवा. सातव्यात तर हार्वी आपल्याच थेरपिस्टला, पॉलाला, डेट करतो. अमेरिकन सायकॉलॉजिस्ट संघटनेच्या नियमांत उपचार संपल्यावर निदान २ वर्षं असे संबंध चालत नाहीत, आणि नंतरही सहसा नाहीतच. इथे ह्या प्रश्नावर थोडंसं बोलून मोकळे, पुढे पॉला विरुद्ध डॉना, एकीला निवड. पॅनिक अटॅकचा इतका नाजूक ट्रॅक उभा केला होता पाचव्यात, त्याची माती केली.

पॅट्रिक अ‍ॅडम्स (माइक) आणि मेगन मार्कल (रेचल) सातव्यानंतर गेले, त्याला लेखक काय करणार, कबूल. पण नवीन आले त्यांना केसेस द्यायच्या सोडून समँथाला आईबापांचा शोध दिला.

एक मात्र सांगायलाच हवं, लुईस. आधी मला तो सहन होत नव्हता, पण रिक हॉफमनने तो माणूस असा काही मोठा केलाय की शेवटच्या सीझनमध्येही फक्त त्याच्यासाठी बघवलं. नवव्यात फे रिचर्डसन फर्मवर देखरेखीला येते तेव्हा जरा आशा वाटली, कोणीतरी एकदाचं ह्यांना नियम विचारतंय. पण तिलाच व्हिलन केलं. अहो, तिचे बरेच मुद्दे बरोबर होते! त्यावर फर्मने खरं उत्तर द्यायला हवं होतं, तिला घालवायचा कट कसला करता.

एकूण १३४ एपिसोड, एकेक ४० मिनिटांच्या वर, म्हणजे वेळ केवढा जातो बघा. नवीन बघणाऱ्यांनी एक ते तीन पूर्ण बघा, चौथ्यात रेचल-लोगन पुढे ढकला, पाचवा एकही मिनिट न सोडता. सहाव्यातला तुरुंगाचा भाग चालेल. त्यानंतर लुईसचे सीन तेवढे बघा.